कोळेकरवस्तीचा थांबा

कोळेकरवस्तीला स्टेशन कधीच नव्हतं, गाडी मात्र थांबायची.

दौंड-बारामती लाइन अरुंद रुळांची होती, तेव्हाची ही गोष्ट. वस्तीपाशी रुळांना चढ लागायचा आणि चढाच्या पायथ्याशी कोळेकरांची विहीर होती. आसपासच्या सगळ्या विहिरी मचूळ, ही एकच गोडी. बॉयलरला मचूळ पाणी चालत नाही. आतून पांढरा थर धरतो, आणि मग कितीही कोळसा घातला तरी इंजिन रडत चालतं. म्हणून वाफेचं इंजिन या विहिरीवर येऊन पाणी प्यायचं आणि मगच चढ चढायचं. ते पाणी पीत असताना वस्तीची माणसं डब्यात चढून बसायची. तिकीट पुढच्या स्टेशनावर काढायचं, असा रिवाज पडला.

पुढे डिझेलचं इंजिन आलं. त्याला पाणी नको होतं, पण ड्रायव्हरांना सवय लागली होती आणि वस्तीला तर त्याहून जास्त. कुणी हात केला, फेटा हलवला, की गाडी हळू व्हायची आणि थांबायची. डब्याची पायरी गुडघ्याएवढी उंच. म्हातारी माणसं बगलेत कोकरू घेऊन चढायची.

मग नव्वद साल उलटल्यावर रूळ रुंद करायचं काम निघालं. जुने रूळ उखडले, नवे पडले, आणि एक दिवस मोठी गाडी आली. वस्तीनं नेहमीसारखा हात केला. गाडीनं हात करणाऱ्यांच्या अंगावर धूळ उडवली आणि ती तशीच बारामतीला निघून गेली. रेल्वेच्या कागदांत कोळेकरवस्ती नावाचं काही नव्हतंच. इतकी वर्षं माणसं चढत होती ती कागदावर सगळी पुढच्या स्टेशनची होती.

याचा घोर सगळ्यांनाच लागला, पण सिंधुबाईला सगळ्यांत जास्त. तिची मनिषा बारामतीला कॉलेजात होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या चार पिढ्यांनंतर कॉलेजचं तोंड पाहणारी ती पहिलीच पोर. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत काळ्या रानातली वाट होती. पाऊस पडला की त्या वाटेनं बैलगाडीसुद्धा जात नसे, आणि एस.टी. तर कोरड्या दिवसांतही यायची नाही. मनिषाचे वडील, गेणू, गळिताच्या हंगामात इंदापूरच्या बाजूला कारखान्यावर असायचे. त्यांनी जाताना एवढंच सांगितलं होतं, की गाडी असेल तर पोरगी शिकेल. गाडी नसेल तर एकटी पोर रानातनं चालत जायची नाही.

दुसरीकडे सिंधुबाईचं माहेर होतं शेळगावला. भावाचा मुलगा रविराज चांगला होता, ट्रॅक्टर चालवायचा, निर्व्यसनी होता. मामाच्या घरी भाची द्यायची रीतच होती. भाऊ दोनदा येऊन गेला. सिंधुबाईनं त्याला चहा पाजला, जेवू घातलं आणि सांगितलं, की पोरीचं वर्ष पुरं होऊ दे. भाऊ म्हणाला, गाडीच बंद झाली तर कसलं वर्ष, आक्का.  रविराज सिंधुबाईला आवडत नव्हता असं नव्हे. पण मनिषानं एकदा विहिरीचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेलं होतं, आणि ते का गोडं हे आकृती काढून आईला समजावलं होतं. सिंधुबाईला त्यातलं निम्मं कळलं. पण सांगताना पोरीचं तोंड कसं झालं होतं, ते ती विसरली नव्हती.

अर्ज गेले. सरपंच मोहनराव कोळेकर अर्ज देण्यात पटाईत. ते पुण्याला गेले, दौंडला गेले, जिथं खुर्ची दिसेल तिथं जाऊन उभे राहिले. शेवटी रेल्वेनं वैतागून म्हणा, दयेनं म्हणा, प्रायोगिक थांबा दिला. बारामतीला जाणारी सकाळची आणि दुपारची गाडी, आणि संध्याकाळची परतीची, थोडे महिने इथं थांबतील, माणसं चढताहेत असं दिसलं तर थांबा कायम, नाहीतर बंद.

वस्ती कामाला लागली. मोठ्या गाडीची पायरी पहिल्या दिवशी बायकांच्या कमरेला आली होती. चढायला दोघांनी वरून ओढायचं आणि दोघांनी खालून रेटायचं, अशी तऱ्हा. मग श्रमदान निघालं. टेकाडावरचा मुरूम आणला, कडेला दगड रचले, चोपण्यानं चोपून फलाट केला. रुळापासून किती अंतर सोडायचं ते रेल्वेचा माणूस सांगून गेला होता. मनिषानं दोरी धरून ते अंतर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं, आणि जिथं दगड पुढे आले होते तिथं ते काढायला लावले. चार खांबांवर पत्रा टाकला. विहिरीवरून नळी आणून फलाटावर सिमेंटची टाकी बांधली आणि तिला तोटी बसवली. तिकिटं विकायचं काम सिंधुबाईचा पुतण्या झुंबर याला मिळालं. त्याची खिडकी म्हणजे पत्र्याची टपरी, पण तिच्यावर त्यानं निळा रंग दिला होता आणि आत गेला की तो डोक्याला टोपी घालायचा.

सगळं ठीक चाललं असतं. पण मोहनरावांना धीर नव्हता. पहिल्याच महिन्यात त्यांनी आकडा वाढावा म्हणून झुंबरकडून तिकिटांचा गठ्ठाच विकत घेतला आणि घरी फडताळात ठेवून दिला. गार्ड काही आंधळा नव्हता. त्यानं वर कळवलं, की कोळेकरवस्तीला तिकिटं खपतात भरपूर, डब्यात मात्र तेवढी माणसं दिसत नाहीत. झालं. खरी विकली गेलेली तिकिटंही संशयात आली. रेल्वेनं ठरवलं, की आता कागद बघायचे नाहीत, माणूस पाठवायचा. त्यानं एक दिवस फलाटावर उभं राहून बारामतीच्या दोन्ही गाड्यांना कोण चढतं ते डोळ्यांनी बघायचं, आणि त्याच्या शब्दावर निकाल.

त्या माणसाचं नाव आनंद लेले. दौंडहून सकाळच्या गाडीनं येणार, दुपारच्या गाडीनं पुढे बारामतीला जाणार. दिवस ठरला तो नेमका बारामतीच्या बाजाराचा. मोहनराव खूश झाले. बाजाराच्या दिवशी अर्धी वस्ती गाडीनंच जायची. या वेळी काही करावं लागणार नाही, असं सिंधुबाईलाही वाटलं.

त्या दिवशी पहाटेपासून वस्ती हलली. पण हलली ती वेगळ्याच दिशेनं.

साहेब येणार म्हणजे पाहुणा येणार. कोळेकरांच्या वस्तीवर पाहुणा येतो तेव्हा घरात कुणी आपलं काम काढत नाही. मेंढरं रानात असतानाही ही रीत पाळली जायची. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, पाहुणा आला की कळप कुणातरी एकावर सोपवायचा आणि बाकीच्यांनी माघारी यायचं. साहेब तर रेल्वेचा. ढोल बाहेर आले, कैताळाच्या मोठ्या झांजा बाहेर आल्या, पोरांनी रंगीत पटके बांधले. मोहनरावांनी फेटा, शाल आणि नारळ आणला. शेजारच्या साखरबाईनं फलाट सारवला. मुरमाचा फलाट सारवून टिकत नाही हे तिला माहीत होतं, पण पाहुणा येणार त्या जागी सारवण नको का, असं तिचं म्हणणं. सिंधुबाईनं पितळेची परात घासून तिच्यात निरांजन लावलं.

गाडीनं चढाच्या अलीकडे शिट्टी दिली आणि ढोल सुरू झाला. मनिषा पाठीला दप्तर लावून टाकीपाशी उभी होती. गाडी थांबली. लेले साहेब उतरले. चष्मा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात कातडी बॅग. त्यांनी उतरल्याबरोबर घड्याळ पाहिलं आणि ते बाजूला होऊन उभे राहायला लागले, पण वस्तीनं त्यांना बाजूला होऊ दिलं नाही. मोहनरावांनी फेटा चढवला. पोरांनी रिंगण धरलं. सिंधुबाई परात घेऊन पुढे झाली आणि गर्दीत तिच्या हाताला धक्का लागून निरांजन विझलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. ओवाळायला कुमारिका असलेली बरी, हे तिच्या मनात आलं, आणि समोर तिची स्वतःचीच पोर उभी होती.

मनिषा म्हणाली, "आई, गाडी जाईल."

"जाती कुठं. साहेबास्नी ओवाळ आदी."

मनिषानं दप्तर सावरलं, निरांजन पुन्हा लावलं आणि साहेबांना ओवाळलं. गार्डनं हिरवा झेंडा दाखवला. ढोलाच्या आवाजात शिट्टी कुणाला ऐकूच आली नाही. डब्यांच्या खिडक्यांतली माणसं कौतुकानं हा सोहळा बघत होती. मग त्या खिडक्या सरकायला लागल्या, वेग धरला, आणि मागचा डबा वळणावर दिसेनासा झाला.

ढोल थांबला. रिंगणातली पोरं धापा टाकत होती. लेले साहेबांनी फेटा काढून हातात घेतला, आणि अवघडल्यासारखे ते म्हणाले, "फार छान झालं. पण मी चढणारी माणसं बघायला आलो होतो. कुणीच चढलं नाही."

फलाटावर शंभर-सव्वाशे माणसं होती.  परात अजून मनिषाच्या हातात होती. तिच्या पाठीवरचं दप्तर सिंधुबाईला दिसलं. आज या फलाटावरून नक्की चढणारी एक व्यक्ती होती, आणि तिला धरून ठेवलं होतं ते तिच्या आईनं.

मोहनरावांनी सारवासारव केली. पाहुणा दारात असताना घरचा माणूस बाजाराला कसा जाईल, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. लेले साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, की तुमची रीत मला पटते, पण रेल्वे मला विचारणार की किती चढले, आणि मी तिला रीत सांगू शकत नाही. मी पाहुणा नाही, तपासायला आलेला माणूस आहे. दुपारची गाडी अजून आहे, तीही बघेन.

यात दिलासा काहीच नव्हता. दुपारच्या गाडीनं वस्तीवरून कुणी जात नसे. बाजार असो की कॉलेज, जायचं ते सकाळी. दुपारी जाऊन करायचं काय?

साहेबांनी मग फलाट पाहिला. दोरीनं अंतर मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, की ही कड इतकी सरळ कुणी धरली, आणि मनिषाचं नाव ऐकून त्यांनी मान हलवली. पत्र्याची शेड पाहिली. झुंबरची टपरी पाहिली. झुंबरनं टोपी घातली होती, पण मान वर केली नाही, कारण त्या गठ्ठ्याचं प्रकरण साहेबांना ठाऊक होतं हे त्याला ठाऊक होतं. मग सगळे शेडखाली बसले. साहेबांनी जेवण घ्यायला नकार दिला. पाणी चालेल म्हणाले.

पाणी द्यायला सिंधुबाईचे सासरे, तात्याबा, स्वतः उठले. वय ऐंशीच्या घरात, तरी तांब्या टाकीवरून भरून आणला. साहेबांनी घोट घेतला, थांबले आणि पुन्हा घेतला.

तात्याबा म्हणाले, "इंजिनला बी असंच झालं हुतं."

साहेब हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. तात्याबांनी मग त्यांना इंजिनाची गोष्ट सांगितली. लहानपणी मेंढरं घेऊन ते विहिरीवर यायचे तेव्हा इंजिन आणि मेंढरं एकाच वेळी पाणी प्यायची. इंजिनाच्या फुसकाऱ्याला मेंढरं बुजायची, म्हणून ड्रायव्हर आधी हाळी द्यायचा आणि मग वाफ सोडायचा. पाण्याच्या बदल्यात थांबा, असं गोऱ्या साहेबानं तात्याबांच्या आज्ज्याला तोंडी सांगितलं होतं. लिहून दिलं नव्हतं. आज्ज्याला वाचता येत नव्हतं, तर लिहून कशाला द्यायचं.

साहेबांनी सगळं मन लावून ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले. शेवटी ते म्हणाले, "आजोबा, गोष्ट खरी असेल. पण आताचं इंजिन पाणी पीत नाही. आता माणसं लागतात."

तात्याबांनी हे मान्य केलं. खोटं काय होतं त्यात.

टाकीमागे मोहनराव माणसं गोळा करत होते. त्यांचा विचार ठरला होता. दुपारच्या गाडीला सगळ्यांनी चढायचं, पुढच्या स्टेशनावर उतरायचं आणि चालत माघारी यायचं. फडताळातली जुनी तिकिटं आणायला त्यांनी पोराला पाठवलंही होतं. हे बोलणं चालू असताना साहेब हात धुवायला तोटीपाशी आले. ते रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, की मी चढणाऱ्या प्रत्येकाला विचारीन, कुठं चाललात आणि कशाला. नाटक असेल तर मला कळतं. आणि एकदा नाटक दिसलं की खरी माणसंही मी मोजणार नाही.

साहेब शेडकडे गेल्यावर मोहनराव मटकन खाली बसले. म्हणाले, "संपलं."

सिंधुबाई त्यांच्यासमोर उभी होती.  तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, पाठीवरचं दप्तर. ते दप्तर मनिषानं सकाळपासून उतरवलंच नव्हतं. का नाही उतरवलं? कारण तिचं जायचं राहिलं होतं, रद्द झालं नव्हतं. प्रयोगशाळेतलं काम दुपारनंतरच असायचं. ते अजून गाठता येत होतं. सिंधुबाईच्या स्वतःच्या घरी अंड्यांची पाटी भुसा घालून भरून ठेवलेली होती. साखरबाईच्या दारात मेथीच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून पडल्या होत्या. पलीकडच्या घरातल्या सिद्धूची पाण्याची जळालेली मोटर पोत्यात बांधून खाटेखाली होती, बारामतीला तिची तार पुन्हा गुंडाळून घ्यायची म्हणून. आख्खी वस्ती सकाळी बाजाराला निघालेली होती. ढोल वाजला म्हणून नुसती थबकली होती.

"मोहनराव," ती म्हणाली, "नाटक कशाला? आज कुनाचं काम झालंय?"

मोहनरावांना कळलं नाही.

"आवं, सकाळचं काम दुपारी करायला कुनाची बंदी हाय का? ज्याचं त्याचं गाठुडं बांधलेलंच हाय. ते उचलायचं आन् चढायचं. इचारलं तर खरं ते सांगायचं."

"वहिनी, बाजार उठायला येईल तंवर."

"मग पडत्या भावानं इकू. अंडी काय उद्या उबवायला ठेवायचीत?"

कुणीतरी हसलं. सिद्धू म्हणाला, की पाहुणा बसलाय आणि आपण निघायचं, हे बरं दिसंल का. सकाळची अडचण पुन्हा तिथंच येऊन उभी राहिली. सिद्धू बोलला त्यात चूक नव्हती. तोवर शेडखालून तात्याबा काठी टेकत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पाव्हणा आला तवा घरात थांबावं," ते म्हणाले, "आन् पाव्हणा निघाला तवा काय करावं?"

हे वस्तीतल्या पोरालाही माहीत होतं. पाहुणा निघाला की त्याला वेशीपर्यंत पोचवायला जायचं. एकट्यानं नाही, सगळ्यांनी. आणि साहेब दुपारच्या गाडीनं बारामतीला निघाले होते.

पुढचा तासभर वस्तीत जी धावपळ झाली ती सकाळच्या स्वागतालाही झाली नव्हती. पाट्या निघाल्या, पिशव्या निघाल्या, मोटरीचं पोतं दोघांनी काठीला अडकवून आणलं. मोहनरावांचा पोरगा जुनी तिकिटं घेऊन आला, तेव्हा सिंधुबाईनं ती त्याच्या हातातून घेतली आणि चुलीत घातली. सगळ्यांनी झुंबरच्या खिडकीपुढे रांग लावली. रांगेची वस्तीला सवय नव्हती. थोडी ढकलाढकली झाली. झुंबर एकेक पुठ्ठ्याचं तिकीट शिक्का मारून देत होता, आणि दर तिकिटागणिक त्याची मान थोडी वर येत होती.

लेले साहेब रांगेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. म्हटल्याप्रमाणे त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली.

साखरबाई म्हणाली मेथी. सिद्धूनं पोतं उघडून मोटर दाखवली आणि ती कशी जळाली हेही सांगायला लागला, तेव्हा मागच्यांनी त्याला पुढे ढकललं. एकानं सुजलेला गाल दाखवला, दाढ काढायची होती. एका बाईची लेक बारामतीला बाळंत झाली होती आणि तिच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते. साहेबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. तिनं त्यातला एक काढून त्यांच्या हातावर ठेवला. नको म्हणायला त्यांना वेळच मिळाला नाही. एका शेतकऱ्याची कचेरीत तारीख होती. साहेबांनी विचारलं, की आता दुपारी जाऊन तारीख मिळेल का. तो म्हणाला, आजची गेली साहेब, आता पुढची घ्यायला चाललोय, नाहीतरी तितं तेवढंच मिळतं.

मनिषा आली. तिनं काही सांगायच्या आत साहेबांनी दप्तराकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू सकाळीच जाणार होतीस."

"हो."

"ओवाळायला थांबलीस."

"आई म्हणाली थांब."

साहेबांनी सिंधुबाईकडे पाहिलं. ती अंड्यांची पाटी डोक्यावर घेऊन लेकीच्या मागेच उभी होती. तिला वाटलं होतं, की आपण इथं काहीतरी नीट बोलू, हात जोडू. पण पाटीमुळे हात जोडता येईनात. ती एवढंच म्हणाली, "चूक झाली साहेब. पर गाडी थांबली तर पोर शिकंल. न्हायतर माघारी घरात बसंल. आमाला थांबा लागतो तो एवढ्यासाठी."

 साहेब पुढच्याकडे वळले.

सगळ्यांत शेवटी तात्याबा. धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मोठ्या गाडीत ते अजून एकदाही बसले नव्हते.

"आजोबा, तुमचं बारामतीला काय काम?"

"माझं काय काम असायचं? तुमाला पोचवायला निघालोय."

 सिंधुबाईनं डोळे मिटले. खरं सांगायचं असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं, आणि म्हाताऱ्यानं ते तंतोतंत पाळलं होतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मला पोचवणं हेच काम."

"व्हय. आन् हे बगा." तात्याबांनी कमरेच्या चंचीतून तिकीट काढलं. जाण्यायेण्याचं होतं. "वेशीपतुर पोचवायचं म्हंजी माघारी बी यायला लागतं."

लेले साहेबांनी तिकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग ते हसायला लागले. हसणं त्यांना आवरेना. हातातला लाडू खाली पडेल म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला. तो गिळून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की ज्याच्याकडे तिकीट आहे आणि जो गाडीत बसतो तो प्रवासी. तो कशाला जातो हे रेल्वे विचारत नाही. मी विचारत होतो ते तुम्ही खरं बोलता की नाही हे बघायला. ते बघून झालं.

गाडीनं चढाच्या अलीकडे शिट्टी दिली.

या वेळी ढोल नव्हता, म्हणून शिट्टी सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली. गाडी थांबली आणि वस्ती चढायला लागली. पाट्या आत गेल्या, पोती आत गेली, म्हाताऱ्या आत गेल्या. फलाट उंच केलेला असल्यामुळे कुणाला ओढावं लागलं नाही की रेटावं लागलं नाही. गार्ड घड्याळ बघत होता. इंजिनातून ड्रायव्हर कमरेपर्यंत बाहेर झुकून बघत होता, की या ओसाड थांब्यावर इतका वेळ झालंय तरी काय. झुंबर टपरी बंद करून धावत आला, त्यालाही बारामतीत काम होतं. सिंधुबाईनं मनिषाला आधी चढवलं, मग पाटी वर दिली, मग स्वतः चढली. तात्याबांना दारातून आत घेतलं ते साहेबांनी, हात देऊन.

गाडी वस्तीवरून उशिरा सुटली. लाइनीवरचा या थांब्यामुळे झालेला तो पहिला उशीर. पुढच्या स्टेशनावर मास्तरनं खडसावून कारण विचारलं, तेव्हा गार्ड म्हणाला, "कोळेकरवस्तीला गर्दी होती." मनिषा दाराशीच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत येऊन आईच्या कानात सांगितलं. आईनं ते साखरबाईला सांगितलं. डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्या वाक्याचा जयजयकार झाला होता.

बारामतीच्या फलाटावर सगळे उतरले. ज्याला घाई होती तोही थांबला. तात्याबा साहेबांना फाटकापर्यंत घेऊन गेले, मागे आख्खी वस्ती पाट्या-पोत्यांसह. फाटकात तात्याबा थांबले.

"आता तुमी आमच्या वेशीच्या भाईर. जावा आता."

साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि ते गेले. मग कुठं वस्ती बाजाराकडे पांगली. मनिषा कॉलेजच्या रस्त्याला लागली, अर्धी चालत, अर्धी पळत. सिंधुबाई पाटी घेऊन तिच्याकडे बघत उभी राहिली. बाजार उठायला आला होता, अंडी पडत्या भावानं गेली, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही.

थांबा कायम झाल्याचं कळलं तेव्हा उसाला तुरे आले होते. पिवळी पाटी आली, काळ्या अक्षरांत कोळेकरवस्ती. ती रोवायला खड्डा खणला मोहनरावांनी स्वतः. गेणूराव कारखान्यावरून दोन दिवसांची सुट्टी काढून आले, पाटीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, की अक्षर बरं काढलंय. त्यांच्याकडून ती मोठीच तारीफ होती. शेळगावला सिंधुबाईनं निरोप धाडला, की रविराजसाठी दुसरीकडे बघा, आमची पोर पुढेही शिकणार आहे. भावानं उलट निरोप पाठवला, की गाडी बघायला येतो.

पाटीच्या दिवशी लेले साहेब आले, या वेळी बायकोला घेऊन. तपासायला नव्हे, बोलावणं होतं म्हणून. मोहनराव हार घेऊन सर्वांत पुढे उभे होते. सकाळची गाडी चढाच्या अलीकडे शिट्टी देऊन आली आणि थांबली. साहेब आणि बाई उतरले.

आणि वस्ती चढली. सगळीच्या सगळी. पाट्या, पिशव्या, कोकरं, मनिषा, सिंधुबाई, तात्याबा. असं करायचं हे आदल्या दिवशी सिंधुबाईनं घरोघर सांगून ठेवलं होतं. गाडी आली की आधी चढायचं, पाहुणा कुणीही असो. गाडी हलली तेव्हा प्रत्येक खिडकीतून जोडलेले हात बाहेर आले. फलाटावर उरले तिघं. हार हातात घेतलेले मोहनराव, काही न कळलेल्या लेले बाई, आणि सिमेंटच्या टाकीला टेकून पोट धरून हसणारे लेले साहेब.